लॅबमधल्या काही लॅपटॉपना सर्व्हर दिसतो, काहींना दिसत नाही. कोडं सुटेना!

लॅबवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या एका कॉलेजात संगणक विभागाचं नेटवर्क सांभाळतो. बरेच दिवस एका गोष्टीने डोकं खाल्लंय.

लॅबचं नेटवर्क १०.१०.४.०/२२ आहे. सर्व्हर १०.१०.४.५ वर, त्यात प्रॅक्टिकलची पानं आणि चाचणी परीक्षेचं सॉफ्टवेअर. लॅपटॉपना पत्ते राउटरच्या डीएचसीपीतून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेतून) मिळतात. बहुतेकांना सर्व्हर उघडतो, काहींना नाही. ज्यांना उघडत नाही त्यांचं इंटरनेट मात्र चालतं, शेजारच्या लॅपटॉपलाही पिंग जातो. फक्त हा एक सर्व्हर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. वर गंमत अशी, की सोमवारी अडलेला लॅपटॉप बुधवारी सुरळीत चालतो आणि त्या दिवशी भलताच कोणीतरी अडतो.

सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावला. अडलेल्या लॅपटॉपकडून '१०.१०.४.५ कोणाकडे आहे, १०.१०.६.४० ला सांगा' ही एआरपीची (आयपी पत्त्यावरून कार्डाचा पत्ता शोधायची) विचारणा येताना स्वच्छ दिसते. सर्व्हर उत्तरच देत नाही. फायरवॉल बंद करून झाली, केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं. सर्व्हरवर रॉकी लिनक्स आहे, नेटवर्क कार्डं दोन. लॉग कोरे.

जाता जाता दुसरा प्रश्न. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी सबनेटिंग (नेटवर्कचे तुकडे पाडायचं गणित) हाताने करायला लावतो. ती म्हणतात, "सर, मोबाइलवर कॅल्क्युलेटर आहे की." खरं सांगा, नोकरीत कोणी हाताने करतं का?

तर्रीबाज

सर्व्हर बंद करून चालू केलात का? नारळ फोडलात का? (ह. घ्या.)

निशाचर७

मला पत्त्यांची टक्कर वाटते. सर्व्हरला पत्ता हाताने दिलाय ना? तो डीएचसीपीच्या वाटपातून वगळलाय का बघा. नाहीतर राउटर खुशाल तोच पत्ता एखाद्या विद्यार्थ्याच्या मोबाइलला देऊन बसेल.

लॅबवाला

@निशाचर७, वगळलाय. १०.१०.४.१ ते ४.२० वाटपाच्या बाहेर आहेत.

@तर्रीबाज, नारळ सोडून सगळं झालं.

पावसाळी

फायरवॉल 'बंद केली' म्हणजे फक्त सेवा थांबवली असेल. नियम कर्नलमध्ये तसेच राहिले असतील. एनएफटीची (कर्नलमधल्या फायरवॉल नियमांची) सगळी यादी काढून बघा.

अण्णा_रूट

पावसाळीताई, एरवी तुमचं बरोबर ठरलं असतं. इथे नाही. विचारणा एआरपीची आहे. आयपीटेबल्ससारखे फायरवॉलचे नेहमीचे नियम आयपी पॅकेटांना लागतात, एआरपी त्या दारातून जातच नाही. त्याच्यासाठी नियम लिहायची जागा वेगळी आहे आणि ती कोणी मुद्दाम भरल्याशिवाय रिकामीच असते. ते लिहायला लॅबमध्ये कोणी बसलं असेल असं वाटत नाही.

लॅबवाले, तुम्ही 'कार्डं दोन' एवढं बोलून पुढे गेलात. दुसऱ्या कार्डावर काय आहे? दोन्हींचे पत्ते आणि मास्क टाका. अर्धी माहिती देऊन पूर्ण उत्तर मागायची पद्धत या फोरमवर जुनीच आहे म्हणा.

लॅबवाला

घ्या अण्णा:

ईएनओ१ : १०.१०.४.५/२२ (लॅब)
ईएनओ२ : १०.१०.६.९/२४ (सीसीटीव्ही)

कॅमेरे बसवणाऱ्यांनी त्यांचं नेटवर्क असं मांडलं होतं. रेकॉर्डिंग याच सर्व्हरवर साठतं. पण कॅमेऱ्यांचा स्विच पूर्ण वेगळा आहे, लॅबच्या स्विचशी एक वायरही जोडलेली नाही. त्याचा इथे काय संबंध?

घाटमाथा

अडलेल्या प्रत्येक लॅपटॉपचा पत्ता १०.१०.६ ने सुरू होतो. बघून सांगा.

लॅबवाला

आत्ता अडलेले सगळे तपासले. सगळे १०.१०.६! चालणाऱ्यांत ४, ५ आणि ७ आहेत, सहा एकही नाही. हे बसल्या जागी कसं ओळखलंत?

घाटमाथा

तुमच्याच दोन ओळींवरून. कागद घ्या.

/२२ म्हणजे पत्त्याचे पहिले २२ बिट नेटवर्कचे. त्याचा मास्क २५५.२५५.२५२.०. तिसरा आकडा २५२. दोनशे छप्पनमधून तो वजा केला की ४ उरतात, म्हणजे तिसऱ्या जागी नेटवर्कं चारच्या पाढ्यात सुरू होतात: ०, ४, ८, १२. तुमचं चारला सुरू झालं, म्हणजे पत्ते १०.१०.४.० पासून १०.१०.७.२५५ पर्यंत. एकूण १०२४, वापरायला १०२२. सहा त्यातच आला. बिटांत पाहायचं तर ६ म्हणजे ००००० ११०, २५२ म्हणजे १११११ १००, दोन्हींचा अँड काढला की उरतो ४.

कॅमेरेवाल्यांनी मात्र तिसरा आकडा बदलला म्हणजे नेटवर्क वेगळं झालं असं धरलं. ए, बी, सी असे वर्ग होते तेव्हाची ही सवय आहे. ते वर्ग १९८१ च्या आयपीच्या मानकातले. १९९३ मध्ये सीआयडीआर (/२२ सारखी हव्या त्या लांबीची विभागणी) आलं आणि वर्गांना अर्थ उरला नाही, पण '२५५.२५५.२५५.० म्हणजे क्लास सी' हे अजून लोकांच्या जिभेवर आहे, पत्ता १० ने सुरू होत असला तरीही.

आता सर्व्हरच्या बाजूने बघा. त्याच्या राउटिंग टेबलात दोन नोंदी आहेत: १०.१०.४.०/२२ ईएनओ१ वर आणि १०.१०.६.०/२४ ईएनओ२ वर. १०.१०.६.४० दोन्हींत बसतो. अशा वेळी कर्नल सर्वांत लांब प्रीफिक्सवाली (तिरक्या रेघेनंतर मोठा आकडा असलेली) नोंद घेतं, म्हणजे /२४. तेव्हा सर्व्हरच्या लेखी तुमचा लॅपटॉप कॅमेऱ्यांच्या बाजूला राहतो. विचारणा मात्र आली लॅबच्या कार्डावरून. रेड हॅट कुळातल्या वितरणांत आरपी_फिल्टर बहुधा १ असतो, म्हणजे कडक तपासणी: ज्या कार्डावरून आलास त्याच कार्डावरून तुझ्याकडे परत जायची वाट असली पाहिजे, नाहीतर टाकून देणार. ही तपासणी राउट शोधतानाच होते आणि एआरपीला उत्तर देण्याआधीही कर्नल तोच शोध घेतं. म्हणून तुमची विचारणा गुपचूप गिळली गेली.

पडताळून बघायचं असेल तर 'आयपी राउट गेट १०.१०.६.४०' चालवा. ईएनओ२ दाखवेल. मग लॉग_मार्शियन्स १ करा (अशा टाकलेल्या 'मार्शियन', म्हणजे मंगळवासी, पॅकेटांची नोंद होते) आणि कर्नलचा लॉग बघा.

तर्रीबाज

मंगळावरचे लॅपटॉप! तरीच म्हटलं लॅबमध्ये मुलं दिसत नाहीत.

खडीसाखर

मी दुसऱ्या वर्षाला आहे (लॅबवाल्या सरांच्या कॉलेजात नाही, वाचले). शंका अशी, की टीसीपीडम्पला विचारणा दिसली म्हणजे ती कर्नलमध्ये पोचली. मग कर्नलला ती 'आली' आणि 'आली नाही' हे दोन्ही एकाच वेळी कसं? टीसीपीडम्प नेमका बसतो कुठे?

अण्णा_रूट

खडीसाखर, चांगला प्रश्न. यावर लोक रात्री घालवतात. येणाऱ्या पॅकेटाचा रस्ता सांगतो, चहा घेऊन बस.

कार्ड पॅकेट घेतं आणि प्रोसेसरला न विचारता डीएमएने थेट मेमरीतल्या एका वर्तुळाकार रांगेत ठेवतं. ही रांग ड्रायव्हरने आधीच मांडून ठेवलेली असते. रांग भरलेली असेल तर पॅकेट तिथेच पडतं, वरच्या कोणालाही पत्ता लागत नाही. मग कार्ड इंटरप्ट देतं. पूर्वी दर पॅकेटला इंटरप्ट व्हायचा. भार वाढला की प्रोसेसर फक्त इंटरप्टच घेत राहायचा, कामाला सवड नाही. दारावरची बेल इतकी वाजते की उठून दार उघडायलाच वेळ नाही, तसं. कर्नलमधल्या एनएपीआय या पद्धतीने यावर तोड काढली. पहिल्या इंटरप्टनंतर त्या रांगेचे इंटरप्ट बंद करायचे आणि सॉफ्टइंटरप्टमध्ये बसून रांग स्वतः उपसायची. एका फेरीला सगळ्या कार्डांची मिळून ३०० पॅकेटं, त्यातही एका रांगेतून एका वेळी ६४, अशी मर्यादा ठेवलेली आहे. काम उरलंच तर केसॉफ्टआयआरक्यूडी नावाचा थ्रेड पुढे चालवतो. टॉपमध्ये तो वर आलेला दिसला की नेटवर्कचा भार आहे समजावं.

उपसताना प्रत्येक पॅकेटाला एक एसके_बफ (कर्नलमधली त्याची नोंद) मिळतो. पुढे सगळ्या कर्नलभर हाच फिरतो, डेटा शक्यतो कॉपी होत नाही, नुसते पॉइंटर पुढेमागे सरकतात. एकाच टीसीपी जोडणीचे लागोपाठचे तुकडे कर्नलमधलं जीआरओ मधेच जोडून मोठे करतं, म्हणून टीसीपीडम्पमध्ये कधी कधी १५०० बाइटांहून मोठी पॅकेटं दिसतात आणि नवी मंडळी घाबरतात.

आणि इथे, या टप्प्यावर, टीसीपीडम्पला प्रत मिळते. त्याच्यानंतर पॅकेट एआरपीकडे किंवा आयपीकडे जातं. आयपीकडे गेलं तर आधी प्रीराउटिंगचे नियम, मग राउटचा शोध (आरपी_फिल्टर यातच), मग आपल्यासाठी असेल तर इनपुटचे नियम, मग टीसीपी किंवा यूडीपी, आणि शेवटी सॉकेटच्या रांगेत. तिथे झोपलेल्या प्रोग्रामला उठवलं जातं.

म्हणजे येणारं पॅकेट टीसीपीडम्पला दिसलं याचा अर्थ 'उंबरठ्यावर आलं' एवढाच. घरात घेतलं की नाही, ते पुढे. जाणाऱ्या पॅकेटांचं उलट आहे: तिथे टीसीपीडम्प शेवटी बसतो, म्हणून फायरवॉलने अडवलेलं जाणारं पॅकेट त्याला दिसतच नाही. आणि येणारं पॅकेट एक्सडीपी या कर्नलच्या सोयीने ड्रायव्हरमध्येच टाकलं तर तेही नाही, कारण एक्सडीपी एसके_बफ बनायच्याही आधी चालतं. हे कर्नल ४.८ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे.

पावसाळी

अण्णा, दंडवत. माझा फायरवॉलचा सल्ला मागे घेते, पण जाणाऱ्या पॅकेटांचा मुद्दा कामाला आला. ऑफिसातला एक वाद आज मिटेल.

एक प्रश्न राहिला. एवढं सगळं दर पॅकेटला होत असेल तर १० गिगाबिटच्या कार्डाला पुरतं कसं?

अण्णा_रूट

नेहमी पुरत नाही! लहानात लहान फ्रेम ६४ बाइटांची, वर वायरवरचे २० बाइट, म्हणजे ६७२ बिट. १० गिगाबिटला सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं. एकाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. एका कोअरला साध्या रस्त्याने ते झेपत नाही, म्हणून कार्डावर अनेक रांगा करून काम कोअरांत वाटतात. पण प्रत्यक्षात बहुतेक पॅकेटं मोठी असतात, त्यामुळे तुमच्या ऑफिसची फाइल सुखरूप उतरते.

निशाचर७

उपाय सोपा झाला मग. आरपी_फिल्टर २ करा, सैल तपासणी. परत जायला कुठल्याही कार्डावरून वाट असली तरी चालते. एका ओळीचं काम, कॅमेऱ्यांना हात लावायची गरज नाही.

घाटमाथा

सपशेल असहमत. याने आजार तसाच राहील, फक्त लक्षण बदलेल.

तपासणी सैल केली की एआरपीला उत्तर जाईल, ते विचारणा आली त्याच कार्डावरून निघतं. लॅपटॉप खूश. तो पिंग पाठवेल, सर्व्हर स्वीकारेल आणि उत्तर देताना पुन्हा राउट शोधेल. पुन्हा /२४ जिंकणार. मग सर्व्हर कॅमेऱ्यांच्या स्विचवर ओरडून विचारणार, १०.१०.६.४० कोण? तिथे कॅमेऱ्यांशिवाय कोणी नाही. आज जे पॅकेट दारातच मरतं ते उद्या मागच्या अंगणात मरेल आणि शोधायला आणखी अवघड जाईल.

शिवाय कोणी प्रयोग म्हणून नुसत्या ईएनओ१ चा आरपी_फिल्टर ० करेल आणि 'फरक पडला नाही' म्हणून इथे लिहील. 'ऑल'चं (सगळ्या कार्डांसाठीचं) मूल्य आणि कार्डाचं मूल्य यांतलं जे मोठं, ते लागू होतं. 'ऑल' १ असेल तर कार्डावर शून्य लिहून उपयोग नाही.

पत्ते बदलायलाच हवेत.

निशाचर७

उत्तर देतानाही राउट नव्याने शोधतं हे लक्षात आलं नव्हतं. मान्य.

कोकणकडा

वाचताना ऑफिसचा किस्सा आठवला, रोग हाच. आमच्या व्हीपीएनवर १७२.१६.०.०/१२ ही एकच मोठी वाट येते. १७२.१६ ते १७२.३१, सगळं त्यात. लॅपटॉपवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला की तो आपला पूल, म्हणजे ब्रिज, १७२.१७.०.०/१६ वर बांधतो. आणि नेमका टेस्टिंगचा डेटाबेस १७२.१७ मध्ये. व्हीपीएन जोडलेलं, बाकी सगळे सर्व्हर उघडतात, हाच नाही. डेटाबेसवाल्यांना तिकिटावर तिकीट. शेवटी डॉकरला दुसरी रेंज दिली आणि प्रश्न संपला.

अवांतर: ही खासगी रेंज १७२.३१ ला संपते, तरी १७२.३२ सुद्धा खासगी आहे असं ठामपणे सांगणारे सीनियर मी पाहिलेत.

तर्रीबाज

अतिअवांतर: माझ्या घरच्या राउटरला बाहेरून १००.७२ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. घरचा कॅमेरा बाहेरून बघायला पोर्ट उघडून ठेवलं, पण काही दिसत नाही. मीही मंगळावर का?

अण्णा_रूट

नाही, तुम्ही चाळीत आहात. १००.६४.०.०/१० ही रेंज २०१२ मध्ये इंटरनेट पुरवठादारांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवली. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत, ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते. तुमच्यासारखे अनेकजण मागे एकाच खऱ्या पत्त्यावर राहतात. तुमच्या राउटरवर पोर्ट उघडून फायदा नाही, पुढचं दार पुरवठादाराकडे आहे. एक तर स्थिर पत्ता विकत घ्या, नाहीतर आयपीव्ही६ मिळतो का बघा. आयपीव्ही४ पत्त्यांच्या जागतिक कोठारातले शेवटचे पाच /८ गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले, त्यामुळे चाळ आता हटणार नाही.

खडीसाखर

मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न सगळे विसरले! हाताने करायचं की नाही? आमचे सर पण छळतात.

पावसाळी

माझं स्पष्ट मत: परीक्षेत वीस गणितं घालून मुलांना दमवू नये. मी क्लाउडवर काम करते, रोज सबनेट पाडते, कॅल्क्युलेटरशिवाय कधीच नाही. चूक झाली तर भुर्दंड कंपनीला.

कोकणकडा

ताई, पण कॅल्क्युलेटर /२८ ला वापरायला १४ पत्ते सांगतो आणि एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड) ११ देतं, कारण ते प्रत्येक सबनेटमधले पाच स्वतःकडे ठेवतं. /३१ चंही तसंच. जुन्या हिशोबाने वापरायला शून्य पत्ते उरतात. पण दोनच टोकं असलेल्या लिंकवर दोन्ही पत्ते वापरता येतात, २००० पासून तसं मानकच आहे. कॅल्क्युलेटरने काय गृहीत धरलंय ते माहीत नसेल तर त्याच्या उत्तराचं करायचं काय?

पावसाळी

ते पाच मला पाठ आहेत हो. पाठ असणं आणि बिटांची गणितं करणं वेगळं.

घाटमाथा

दोघांच्या मधलं सांगतो. या धाग्यातला बिघाड कुठल्याही कॅल्क्युलेटरने सापडला नसता, कारण त्याला काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं. १०.१०.४.०/२२ टाका, बरोबर उत्तर. १०.१०.६.०/२४ टाका, तेही बरोबर. दोन बरोबर उत्तरं एकमेकांच्या पोटात आहेत हे नजरेलाच दिसावं लागतं. खडीसाखर, वीस गणितं नको करूस. दोन नेटवर्कं दिली तर एक दुसऱ्यात बसतं का, एवढं झटकन सांगता आलं तरी पुरे. कर्नलही दर पॅकेटला तेच करतं, एक अँड आणि एक तुलना. वर्ग वगैरे त्याच्या गावीही नाही.

लॅबवाले सर, पेपरात हाच प्रश्न टाका.

लॅबवाला

मंडळी, लॉग_मार्शियन्स चालू करून दहा मिनिटं झाली नाहीत तोच ही ओळ:

मार्शियन सोर्स १०.१०.४.५ फ्रॉम १०.१०.६.४०, ऑन डेव्ह ईएनओ१

राउट गेटनेही ईएनओ२ च दाखवलं. पेपराचं ठरलं (खडीसाखर, कोणाला सांगू नकोस).

आता कॅमेऱ्यांचं नेटवर्क १०.१०.८.०/२४ करावं म्हणतो, चारच्या पाढ्यात आठ पुढचं. पण कॅमेरे बसवणाऱ्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार आणि शनिवारी चाचणी परीक्षा आहे. तोवर काय करू? कॅमेरे बंद ठेवायला प्राचार्य तयार नाहीत.

निशाचर७

तोवर राउटरच्या डीएचसीपीतून १०.१०.६ चे पत्ते काढून टाका. ४, ५ आणि ७ मिळून साडेसातशेच्या आसपास पत्ते उरतात, लॅबला पुरावेत. ज्यांच्याकडे आधीच सहाचा पत्ता आहे त्यांना वाय-फाय तोडून पुन्हा जोडायला सांगा. जुनाच मिळाला तर राउटरवरची त्यांची नोंद पुसा.

अण्णा_रूट

+१. हे शुक्रवारीच करा, शनिवारी सकाळी नको. आणि १०.१०.८ पक्का करण्याआधी ऑफिसला, ग्रंथालयाला, वसतिगृहाला विचारून घ्या. कोणीतरी तिथे प्रिंटर लावून बसलेला असतोच.

लॅबवाला

ग्रंथालयाच्या प्रिंटरचा पत्ता १०.१०.८.२० निघाला. १०.१०.१२.० घेतो.